'केव्ह इन'मध्ये गुहा नाही

संपादक महोदय,

आपल्या इंग्रजी वाक्प्रचारांच्या सदरात 'केव्ह इन'चा अर्थ 'कोसळणे, दबावापुढे नमते घेणे' असा दिला होता. अर्थ बरोबर आहे. पण त्याचे मूळ सांगताना, 'केव्ह' म्हणजे गुहा असे धरून, गुहेचे छत कोसळण्याचे जे चित्र रंगवले आहे, ते काही पटत नाही. पाण्याच्या नळांसाठी चर खोदून घेण्यात माझी सारी नोकरी गेली आणि हा शब्द खोदकामातलाच आहे, म्हणून हे पत्र.

चराला मुळात छतच नसते, तर पडणार काय? पडते ती कड. आधी काठापासून हात-दीड हात मागे, काठाला समांतर अशी बारीक भेग दिसते. मग खालची माती किंचित फुगते, वरून खडे सुटू लागतात आणि पाहता पाहता अख्खा लचका आत येतो. घनमीटरभर मातीचे वजन दीड टनाच्या आसपास. खाली माणूस असेल तर त्याला ओरडायलाही सवड मिळत नाही. आमचे मुकादम सकाळी कोणालाही चरात उतरवण्याआधी काठावर उकिडवे बसून ही भेग शोधत. रात्री पाऊस झाला असेल तर दोनदा. उपसलेल्या मातीचा ढीग कोणी काठालगत घातला, तर त्याची खैर नसे.

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या बोलीत अशी कड ढासळण्याला 'काव्ह इन' म्हणत. त्यातला 'काव्ह' म्हणजे गाईचे विणे: गाईपासून वासरू सुटावे, तसा काठापासून लचका सुटतो. हा प्रयोग बहुधा डच-फ्लेमिश भाषेतून आला, असे व्युत्पत्तीचे जाणकार सांगतात. तिथल्या दलदली कोरड्या करायला सतराव्या शतकात कॉर्नेलियस फर्माउडेन हा डच अभियंता आला होता आणि परदेशी मजूरही आले होते, हे पाहता ते सहज पटते. डच भाषेत आजही गाय विते त्याला 'काल्व्हन' म्हणतात आणि नदीचा काठ तुटतो त्याला 'आफ्काल्व्हन'. हिमनदीचा कडा सुटून समुद्रात पडतो, त्यालाही इंग्रजीत 'काव्हिंग'च म्हणतात. पुढे अमेरिकेत अठराव्या शतकापासून 'केव्ह' हे रूप रुळले. उच्चार जवळचा, त्यात गुहाही पोकळ. वासराची आठवण कोणाला राहणार!

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत 'केव्ह-इन'ची व्याख्या आहे: खोदकामाच्या बाजूपासून माती किंवा खडक सुटून, माणूस गाडला वा अडकला जाईल एवढ्या प्रमाणात अचानक आत येणे. त्यात गुहेचा उल्लेखही नाही. पाच फूट किंवा त्याहून खोल चराला आधार द्यावा किंवा कड उतरती करावी, असा तिथला दंडक आहे. अभंग खडक असेल तरच सूट.

'माघार घेणे' हा लाक्षणिक अर्थ अमेरिकेतच, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. आपल्या बातम्यांत घोटाळा होतो तो इथे. संपापुढे एखादे सरकार 'केव्ह्ड इन' झाले की भाषांतर येते 'सरकार कोसळले'. वाचणाऱ्याला वाटते, राजीनामे पडले, आता निवडणुका! प्रत्यक्षात मंत्री आपापल्या खुर्चीवर असतात, मागण्या तेवढ्या मान्य झालेल्या असतात. तिथे 'सरकारने नमते घेतले' असेच छापायला हवे. सदराच्या पुढच्या भागात गुहेची दुरुस्ती करताना याचाही उल्लेख व्हावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता