सपोर्ट गाडीवाल्या काकांना, थोडं उशिराच

काका नमस्कार,

मुलांच्या उपचारांसाठी पैसे जमवायची आपली सायकल राइड संपून तीन आठवडे झाले आणि तुम्हाला नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. शेवटच्या दिवशी मी फोटो आणि मेडलच्या गडबडीत होतो, आणि तुम्ही मागे एकटेच सगळ्यांच्या सायकली टपावर दोरीने बांधत होतात हे मला घरी येऊन फोटो बघताना दिसलं. लाज वाटली. म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

लोक विचारतात सहा दिवसात ६०० किलोमीटर जमलं कसं, पण खरं सांगायचं तर माझं दुसऱ्याच दिवशी आटोपलं होतं. डावा गुडघा, पुढून, वाटीच्या जरा खाली, दर पायडलला सुई टोचल्यासारखा. मी आपला स्प्रे मारतोय, पट्टी बांधतोय. तुम्ही फक्त सायकल भिंतीला लावून मला वर बसवलंत, टाच पायडलवर ठेवून पार खाली न्यायला लावलीत. पाय सरळ व्हायला हवा होता, माझा चांगलाच वाकलेला. "पुढून दुखतंय ना, सीट खाली आहे. मागून दुखलं असतं तर वर असती." झालं, एवढंच. आणि एकदम चढवली नाहीत, आधी जराशी, मग पुढच्या थांब्यावर अजून जराशी, मिळून दीड सेंटिमीटर असेल. दुखणं लगेच गेलं नाही पण वाढायचं थांबलं. सीटच्या दांडीवर तुम्ही पेनाने केलेली खूण अजून आहे, मी पुसत नाही. चार महिने त्याच सायकलवर प्रॅक्टिस केली, महागडे ग्लव्हज घेतले, आणि हे बघायचं सुचलं नाही!

चौथ्या दिवशीचा स्पोक तर विसरणंच शक्य नाही. टण्ण आवाज आला आणि मागचं चाक असं डुलायला लागलं की ब्रेकला घासतंय. गिअरच्या बाजूचाच गेला होता, त्या बाजूच्या स्पोकना ताण जास्त असतो हे तुम्ही कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्या, काढता काढता सांगत होतात, वरून पाऊस, माझे दात वाजतायत. नवीन स्पोक घालून चाकाचा आउट, म्हणजे ते डुलणं, काढताना तुम्ही एकेक स्पोक बोटाने वाजवून कान देऊन ऐकत होतात, कुठला सैल बोलतोय ते. मी मोबाईल काढला होता व्हिडिओ करायला, पण नाही केला, छत्री धरली. बरं केलं.

आता पाचवा दिवस. त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडलो त्याची माफी पण यातच घ्या. सकाळपासून समोरचा वारा, ग्रुप पुढे निघून गेला म्हणून कोणाच्या मागे लपायची सोय नाही, आणि घाईत दोन तास काही खाल्लंच नव्हतं. पायातलं पेट्रोलच संपलं. हँडल सरळ राहत नव्हतं आणि मी म्हणतोय मी ठीक आहे. तुम्ही गाडी आडवी घातलीत, सायकल उचलून टपावर टाकलीत आणि म्हणालात "आधी खा, मग भांड." १४ किलोमीटर मी तुमच्या शेजारी तोंड पाडून बसलो होतो. मला एकच टेन्शन, लोकांनी मुलांच्या उपचारांसाठी पैसे दिलेत ते मी पूर्ण अंतर चालवणार म्हणून, आता त्यांना काय सांगू? तुम्ही म्हणालात, जे झालं ते सांग.

सांगितलं काका. ६०० नाही, ५८६ झाले असं सगळ्यांना लिहून टाकलं, ज्याला पैसे परत हवे असतील त्याने बिनधास्त मागा असंही लिहिलं. एकानेही मागितले नाहीत. एका आजींनी मात्र विचारलं, गाडी चालवणारे कोण होते, त्यांनी जेवण केलं का. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सहा दिवसात हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नव्हतं.

आणि हो, तुमचा स्पोकचा पाना माझ्या सीटखालच्या पिशवीत राहिलाय. कुरियरने पाठवणार नाही, स्वतः आणून देतो, सायकलवरूनच.