आई, ती हल्ली का येत नाही

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, गेल्या तिन्ही फोनांत तू एकच विचारलंस, "ती हल्ली दिसत नाही, भांडलात का गं?" मी दरवेळी "कामात असते" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं होतं. फोनवर सांगायला गेले असते तर रडू फुटलं असतं, म्हणून लिहायला बसलेय. तिचं नाव कागदावर घालत नाही. आपल्या घरात बेल न वाजवता शिरणारी माझी मैत्रीण एकच, तुम्हाला नावाची गरज पडणार नाही.

दीड महिन्यापूर्वी ती रात्री उशिरा माझ्याकडे आली. बराच वेळ काही बोलेचना. टेबलावर माझ्या चष्म्याची डबी होती, ती नुसती उघडायची आणि मिटायची. टक. टक. शेवटी मी तिच्या हातावर हात ठेवला, तेव्हा म्हणाली, "ते पैसे मी घेतलेत."

कुठले, हे विचारावं लागलं नाही. तिच्या ऑफिसच्या तिजोरीतली रोकड कमी भरली, हे मला तिच्याकडूनच कळलं होतं. किल्ल्या दोघांकडे, एक तिच्याकडे आणि दुसरी हाताखालच्या मुलाकडे. संशय त्या मुलावर गेला. तो नवीन होता, आणि ती नऊ वर्षांची जुनी, सगळ्यांच्या विश्वासातली. त्याला अटक झाली, चार दिवस कोठडीत काढले, आता जामिनावर आहे. नोकरी तर गेलीच. आणि ही सांगत होती की कर्जाचे हप्ते थकले होते, पहिल्यांदा घेतले ते महिनाअखेरीस परत ठेवायचे म्हणूनच घेतले. ते मला खरं वाटतं. अजूनही वाटतं. पण ते आठ महिने चाललं.

मग तिनं विचारलं, "तू कुणाला सांगणार नाहीस ना?" आणि मी "नाही" म्हणून बसले. समोर इतकं रडणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार होते?

पुढचे काही दिवस मी स्वतःची समजूत घालत राहिले. तपास करणं पोलिसांचं काम आहे, निर्दोष असेल तर सुटेलच की तो. मग एक दिवस ती सहज बोलल्यासारखं बोलून गेली की त्या मुलाच्या आईचा तिला फोन आला होता. "मॅडम, तुम्ही ओळखता ना त्याला, साहेबांकडे जरा शब्द टाका." ही "बघते" म्हणाली. हे सांगताना तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या माउलीनं मदत मागितली ती कुणाकडे! त्या रात्रीपासून "सुटेलच की" हे वाक्य माझ्या मनात परत आलं नाही.

मी एका वकिलांना भेटले, कुणाचंही नाव न घेता. त्यांनी सांगितलं की खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण अशा काही गुन्ह्यांची माहिती असेल तर ती कळवणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कारवाईच्या कायद्याच्या, कलम ३३ नुसार कुणाचंही कर्तव्य आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून गप्प बसणं हा तर मुलांच्या संरक्षणासाठीच्या पॉक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हाच. खासगी नोकरीतल्या कर्मचाऱ्यानं केलेली अफरातफर त्या यादीत येत नाही. म्हणजे मी तोंड मिटून बसले तरी कायदा मला काही करणार नाही; फक्त पुरावा लपवायचा नाही आणि कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. नवरा-बायकोत झालेलं बोलणं किंवा वकील-अशिलात झालेलं बोलणं कायदा झाकून ठेवू देतो, मैत्रिणींना मात्र तशी सवलत नाही. ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कायद्यानं सगळं माझ्यावरच सोडलं होतं.

बाबा, आता जे लिहितेय त्याचा राग धरू नका. मी नववीत असताना तुमच्या खात्यातल्या एका माणसाला गहाळ फाइलवरून काढलं होतं. ती फाइल कुणी हलवली हे तुम्हाला ठाऊक होतं. आईनं मला हे एकदाच, पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पण त्या महिन्यात तुम्ही रात्र-रात्र गच्चीत फेऱ्या मारायचात, तुमच्या चपलांचा आवाज मला खाली ऐकू यायचा. आजी अंथरुणाला खिळलेली, घर तुमच्या एकट्याच्या पगारावर. मी तुम्हाला दोष देत नाही, कधी दिलाही नाही. पण निरोप समारंभाच्या भाषणात तुम्ही त्या माणसाचं नाव घेतलंत आणि पुढचं वाक्य तुम्हाला सापडेना. पाण्याचा पेला उचललात. मी पहिल्या रांगेत होते, बाबा.

नुसते पैसेच गेले असते, कुणावर आळ आला नसता, तर मी तिला परत भरायला लावलं असतं आणि बहुधा कुणाला सांगितलं नसतं. हे कबूल करते. कुणाच्या जिवावर बेतणारं असतं, तर एक दिवसही थांबले नसते. इथं मधे तो मुलगा आहे. तिचं गुपित मी सांभाळायचं आणि त्याची किंमत त्यानं मोजायची, हे मला जमणार नाही.

परवा मी तिच्या घरी जाऊन हे तोंडावर सांगितलं. तिच्या पाठीमागून काही करायचं नाही एवढं मी पक्कं ठरवलं होतं. "मी दिलेला शब्द मोडतेय. सोमवारपर्यंत तू ठरव. तू स्वतः कबुली द्यायला गेलीस तर मी सोबत येईन. नाही गेलीस तर त्या मुलाच्या वकिलांना भेटून साक्ष द्यायला तयार आहे असं सांगेन." तिला सगळं नीट समजावलं. आधी स्वतःचा वकील गाठ. पोलिसांपुढची कबुली तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, दंडाधिकाऱ्यांपुढे स्वखुशीनं दिलेली चालते, आणि तिथंही कबुली देणं बंधनकारक नाही हे तुला आधी बजावून सांगतात. शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे, हे मी दडवलं नाही. पण पैसे भरले आणि मालक तयार झाले तर न्यायालयाच्या परवानगीनं तडजोडीला वाव आहे, हेही सांगितलं. माझी एकटीची साक्ष तशी लंगडीच ठरते, सोबत आणखी काही पुरावा लागतो. त्या मुलाला खरं सोडवू शकते ती तीच.

ती एकच म्हणाली, "तुझ्याकडे आलेच नसते तर बरं झालं असतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं दार लावलं नाही. मी जिना उतरेपर्यंत ती उंबऱ्यातच उभी होती.

आई, तिच्या आईचा तुला फोन येईल. त्या मला वाट्टेल ते बोलतील. तू ऐकून घे, माझी बाजू मांडू नकोस. आणि ती स्वतः आली तर तिला आत घे, पूर्वीसारखीच. तिचं मन वळवायला मात्र जाऊ नकोस, ना इकडे ना तिकडे.

सोमवारी सकाळी दहाला मी तिच्या दारात असेन. बाबा, रात्री गच्चीत जाऊ नका. मंगळवारी मीच फोन करते.

तुमची,
लेक