कलाशाळेच्या दारापर्यंत कोण पोहोचते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील सरकारी कलाशाळांविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लेख माहितीपूर्ण असला, तरी त्याचा निम्मा भाग या शाळांतून बाहेर पडलेल्या नामवंतांच्या यादीने व्यापला आहे. माझी मुलगी न्यूयॉर्कमधील अशाच एका सरकारी हायस्कूलच्या चित्रकला विभागात चार वर्षे शिकली आणि पुढे चित्रकार झाली नाही, म्हणून त्या यादीत न बसणाऱ्यांच्या बाजूने हे पत्र लिहीत आहे. (यादीत हमखास आढळणारे हॉलिवूडचे अभिनेते अल पचिनो यांनीही अशा शाळेतील शिक्षण अर्धवटच सोडले होते, हे जाता जाता नमूद करतो.)

न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी १९३६ मध्ये संगीत आणि चित्रकलेसाठी हायस्कूल सुरू करवले. नृत्य-नाट्यासाठीची दुसरी शाळा १९४८ मध्ये निघाली आणि १९८४ मध्ये दोन्ही शाळा लिंकन सेंटर या कलासंकुलाजवळच्या इमारतीत एकत्र आल्या. हेच आजचे ला गार्डिया हायस्कूल. या शाळेत शिक्षणशुल्क नाही. मात्र येथे आल्याने अभ्यासातून सुटका होते, हा लेखातून होणारा समज खरा नाही. गणित, विज्ञान, इतिहास हे विषय आणि राज्याच्या रीजंट्स परीक्षा इतर शाळांप्रमाणेच असतात आणि स्टुडिओचे तास त्यांच्या जोडीला येतात.

त्या तासांत माझ्या मुलीला काय मिळाले, हे मला बाहेरून पाहतानाही जाणवत असे. पहिले वर्ष बहुतांशी रेखाटनात गेले. तीच बाटली, तेच कापड, तोच हात, आणि प्रत्येक वेळी प्रकाश वेगळ्या बाजूने. काम भिंतीवर टाचून सगळ्या वर्गासमोर त्याची चर्चा होई, आणि ‘छान आहे’ एवढे म्हणून कोणालाही सुटता येत नसे. कोठे पाहणे कमी पडले आणि हाताने कोठे सवयीने रेघ ओढली, हे सांगावे लागे. घरी कौतुक ऐकून गेलेल्या मुलीला पहिले काही महिने हे जड गेले. पुढे मात्र स्वतःचे काम उतरवून पुन्हा पहिल्यापासून करण्याचे तिला काही वाटेनासे झाले, आणि आज तिच्या अगदी वेगळ्या व्यवसायात तीच सवय तिच्या उपयोगी पडते.

माझा खरा मुद्दा प्रवेशाचा आहे. न्यूयॉर्कमधील नऊ विशेष हायस्कूलांपैकी आठ लेखी परीक्षेवर प्रवेश देतात आणि ला गार्डिया हायस्कूल तेवढे कलाचाचणीवर. गुणपत्रिकेला किती वजन असावे, यावरून तेथे वाद झाले आहेत. कलेपेक्षा गुणांना महत्त्व दिले जाते, अशी तक्रार करत विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये शाळेतच ठिय्याही दिला होता. परंतु गुणांचे वजन कमी केल्याने दार सर्वांना सारखेच उघडते असे नाही, कारण पोर्टफोलिओही, म्हणजे उमेदवाराने सादर करायचा स्वतःच्या निवडक चित्रांचा संचही, शिकवणीने घडवता येतो. ज्या मुलाच्या आधीच्या शाळेत पूर्णवेळ कलाशिक्षकच नव्हता, त्याचे वहीच्या मागच्या पानावरचे रेखाटन आणि खासगी वर्गात दोन वर्षे घोटून घेतलेले स्थिरचित्र एकाच तराजूत पडतात.

माझ्या मुलीच्या वेळी उमेदवारांना शाळेत बोलावून समोर बसलेल्या व्यक्तीचे चित्र तेथल्या तेथे काढायला लावत असत. तयारीचा फायदा त्यातही होता. पण मूल कसे पाहते, खोडते, पुन्हा मांडते, हे परीक्षकाला डोळ्यांनी दिसत असे. करोनाच्या साथीपासून पोर्टफोलिओ ऑनलाइन पाठवण्याची पद्धत आली. तिने प्रवासाचा त्रास वाचला हे मान्य केले, तरी चित्रामागचा हात कोणाचा आणि त्याला मदत किती, हे आता परीक्षकापासून झाकलेलेच राहते. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या शाळेने निदान अंतिम निवडीपूर्वी तरी प्रत्यक्ष रेखाटनाची फेरी घ्यावी, असे माझे मत आहे.

या विषयावर पुरवणीत पुढचा लेख येणार असेल, तर तो चाचणीत नाकारल्या गेलेल्या मुलांच्या आधीच्या शाळांविषयी असावा, ही विनंती.

आपला,
एक पालक