ठिपका एकाच जागी का फिरत होता

पाँडिचेरी, बुधवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, काल दुपारी तुम्ही फोनवर विचारलंत, "गाडी बिघडली का गं? तीन तास झाले, मोबाइलच्या नकाशात तुझा ठिपका त्याच त्याच गल्ल्यांत फिरतोय." मी "रेंज नाहीये इथे" म्हणून वेळ मारून नेली. रेंज उत्तम होती. गाडीही ठणठणीत आहे. सोमवारी संध्याकाळी गेस्ट हाउसच्या दाराशी लावली, ती अजून जागची हललेली नाही. ठिपका फिरत होता कारण मी पायी फिरत होते. आणि एकटी फिरत होते.

हे फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही स्पीकर लावला असता, तिघंही एकदम बोललो असतो आणि कुणाचं कुणालाच ऐकू आलं नसतं. म्हणून पत्र.

सोबत येणार होती ती ऑफिसातली मैत्रीण आलीच नाही. निघायच्या आदल्या रात्री तिच्या सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. (आता बऱ्या आहेत.) मी बेत रद्द करायला हवा होता, निदान तुम्हाला सांगायला तरी हवं होतं. दोन्ही केलं नाही. पहाटे साडेपाचला बंगळुरूहून एकटीच निघाले, आणि तुमचा फोन आला की "ती आंघोळीला गेलीये" सांगत राहिले. दोन दिवसांत चार वेळा आंघोळ करणारी ही कोण बाई, असं आईच्या मनात आलंच असणार. चुकलं माझं. रागवायचं ते रागवा, पण आधी पुढचं वाचा.

कृष्णगिरी, तिरुवण्णामलै करत दुपारी जिंजीला पोचले. बाबा, तुम्ही राजाराम महाराजांची गोष्ट सांगायचात, त्यात जिंजी नेहमी फार लांब वाटायची, महिनोन्महिने घोडदौड करून गाठायची. प्रत्यक्षात गाडीचा रस्ता किल्ल्यातूनच जातो! राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रायनदुर्ग असे तीन डोंगर आणि त्यांना जोडणारी तटबंदी. डोंगर म्हणजे तरी काय, कुणीतरी ट्रकभर धोंडे ओतून ठेवावेत तसे. औरंगजेबाच्या झुल्फिकारखानाला हे घ्यायला आठ वर्षं का लागली ते खाली उभं राहिल्यावर समजतं. पण मी वर गेले नाही. राजगिरीच्या पायऱ्यांपाशी गेले, वर पाहिलं, मागे-पुढे कुणी नाही, माकडं तेवढी टपून बसलेली. परत येऊन गाडीत बसले आणि दारं लॉक केली. हेही सांगूनच टाकते.

पाँडिचेरीत शिरताना इतर कुठल्याही गावात असते तशीच गर्दी, हॉर्न, उड्डाणपूल. मग एका वळणानंतर आवाज एकदम खाली येतो. संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत समुद्राकाठच्या रस्त्यावर वाहनांना बंदी असते. लाल टोपीतला पोलीस आडकाठी लावून उभा असतो आणि सगळा रस्ता चालणाऱ्यांचा. मी सूर्यास्त बघायला म्हणून धावतपळत गेले, बांधावर जागा पकडली आणि पंधरा मिनिटं करड्या पाण्याकडे बघत बसले. सूर्य माझ्या पाठीमागे, गावामागे बुडत होता. पूर्व किनाऱ्यावर येऊन सूर्यास्ताला समुद्राकडे तोंड करून बसणारी मी एकटीच. सोबतीला कुणी नव्हतं ते एका अर्थी बरंच झालं.

पहिल्या रात्री एकटीनं हॉटेलात जेवायला जाणं मात्र जड गेलं. "किती जण?" या प्रश्नाला एक बोट दाखवायचं, तर ते बोट वर होईना. मग मोबाइल टेबलावर असा ठेवला की जणू कुणाची तरी वाट बघतेय. भात संपेपर्यंत हे सोंग चाललं. दुसऱ्या रात्री लक्षात आलं की वाढप्याला माझ्याशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त टेबल रिकामं व्हायला हवंय.

आता तुमच्या ठिपक्याबद्दल. बाबा, तो तुम्हाला सरळ रेषेत जाताना आणि काटकोनात वळताना दिसला असेल. त्याला कारण आहे, आणि ते तुम्हाला आवडेल. डचांनी १६९३ मध्ये फ्रेंचांकडून हे गाव घेतलं. त्याआधी त्यांनी बोलणी कुणाशी केली असतील? जिंजीत असलेल्या राजाराम महाराजांशी! डचांनी इथे सरळ रस्त्यांचा आराखडा आखला, १६९९ मध्ये फ्रेंच परत आले आणि त्यांनी तोच पुढे चालवला. १७६१ मध्ये इंग्रजांनी गाव पाडून सपाट केलं, तरी नंतर ते पुन्हा त्याच रेषांवर उभं राहिलं. त्यामुळे इथे चुकताच येत नाही. पूर्वेला चालत राहिलं की समुद्र, पश्चिमेला गेलं की कालवा, आणि दोन्हींमध्ये जेमतेम सात-आठ मिनिटांचं अंतर. पहिल्या सकाळी मी नकाशा हातात धरून निघाले होते, अकरानंतर तो बाहेर काढलाच नाही.

कालव्याच्या अलीकडे फ्रेंच वस्ती. पिवळ्या भिंती, पांढऱ्या पट्ट्या, कोपऱ्याकोपऱ्यावर रस्त्याच्या नावाच्या पाट्या: रू द्यूमा, रू स्यूफ्रां. फोटो काढणाऱ्यांची इथे इतकी झुंबड की एका बोगनवेलीपुढे चक्क रांग होती. कालवा म्हणजे आता मोठं गटारच आहे, नाकाला रुमाल लावून ओलांडावा. पलीकडे तमिळ वस्ती, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडली. तिथल्या घरांना रस्त्याकडेला छप्पर असलेला ओटा असतो, लाकडी खांबांवर पेललेला. त्याला ते तिण्णै म्हणतात. वाटसरूनं टेकावं म्हणूनच तो बांधायचे.

आता ठिपका चाळीस मिनिटं थांबला होता त्याची गोष्ट. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. भर दुपार, रस्ता तापलेला, एक पाय उचलून मी बगळ्यासारखी उभी. समोरच्या तिण्णैवर एक आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी हातानंच बस म्हणून खूण केली. मला तमिळ येत नाही, त्यांना दुसरं काही येत नाही. त्यांनी चप्पल मागितली, उलटीपालटी करून बघितली, चक् चक् केलं आणि बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली. आई, अगदी तुझ्यासारखी, दोन छोट्या आणि एक मोठी. मोठीनं अंगठा खालून टोचून घेतला, पिनेचं टोक पायाला लागू नये म्हणून त्यावर चिंधी गुंडाळली. मग ताटली माझ्याकडे सरकवली. मीही शेंगा निवडायला लागले. एकही शब्द न बोलता आम्ही ती ताटली संपवली. तुमचा फोन आला तो तिथून उठल्यावर. ती चप्पल अजून त्याच पिनेवर चालतेय.

आई, गव्हर्नरच्या बंगल्यासमोर भारती पार्क आहे, त्याच्या मधोमध पांढरा शुभ्र मंडप आहे. त्याचं नाव आयी मंडप. पाटी वाचून मी हसले, मग गोष्ट कळली. आयी ही इथली एक गणिका. तिचं घर इतकं देखणं होतं म्हणे, की राजा कृष्णदेवरायानं देऊळ समजून बाहेरूनच हात जोडले. कुणाचं घर आहे ते कळल्यावर चिडून त्यानं ते पाडायचा हुकूम दिला. तिनं विनवणी केली की मीच पाडते, आणि त्या जागी गावासाठी तळं खोदलं. पुढे फ्रेंचांच्या काळात, तिसऱ्या नेपोलियनच्या वेळी, तिच्या नावानं हा मंडप बांधला गेला. आज तो पुदुच्चेरी सरकारच्या बोधचिन्हावर आहे. हात जोडणाऱ्या राजाचं मात्र इथे काही दिसलं नाही.

बाबांसाठी अजून एक. समुद्राकाठी गांधींच्या पुतळ्याभोवती कोरीव दगडी खांब आहेत. ते जिंजीहून आणलेले, असं सांगतात. परवा मी ज्या डोंगराखालून मागे फिरले, तिथले खांब इथे माझी वाट बघत उभे होते. त्यातल्या एकाला टेकून मी बराच वेळ बसले. समोर १८३६ चं जुनं दीपगृह आहे. आणि खाली वाळूऐवजी काळे धोंडे. १९८० च्या दशकात दक्षिणेला बंदराचे बांध घातले, तेव्हा उत्तरेकडे वाहत येणारी वाळू तिकडेच अडली आणि गावापुढचा किनारा समुद्रानं खाल्ला. अलीकडे पाण्याखाली कृत्रिम खडक बसवून थोडी वाळू परत आणलीय. तेवढ्या तुकड्यावर पोरं इतकी खूश असतात की विचारू नका.

आई, काल दुपारनंतर मी एक उद्योग केला. सगळं गाव तुझ्या गुडघ्यांनी फिरून बघितलं. कुठे चढ नाही. गेस्ट हाउसपासून आयी मंडपापर्यंत माझी साडेसहाशे पावलं भरली, वाटेत टेकायला तीन जागा आहेत, दोन सावलीत. पार्कापासून समुद्र त्याहूनही जवळ. समुद्राकाठी तर बाकंच बाकं आणि सलग बुटका कठडा. फ्रेंच वस्तीतले फूटपाथ मात्र उंच आहेत आणि मध्येच झाड येतं, तिथे सकाळी रस्त्यावरूनच चालायचं, गाड्या नसतात. गेस्ट हाउसात तळमजल्यावर एक खोली आहे, कमोडची. मालकीणबाईंना विचारून ठेवलंय. जानेवारीत यायचं, उन्हाळ्यात नाही. बाबांना इथे संध्याकाळी लोखंडी गोळे फेकून पेतांक खेळणारे म्हातारे भेटतील, आणि मग बाबा तासभर तरी तिथून हलणार नाहीत. तोवर आपण दोघी समुद्राकाठी कॉफी पिऊ.

उद्या सकाळी सहाला निघतेय. तिंडिवनम, जिंजी, तिरुवण्णामलै, कृष्णगिरी. पेट्रोल भरून ठेवलंय, स्टेपनीतली हवा तपासलीय, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्यात.

बाबा, जिंजीला ठिपका दोन-तीन तास जागचा हलला नाही तर लगेच फोन करू नका. वर शेवटी खडकात भेग आहे आणि तिच्यावर पूल, तिथे एका हातानं फोन घ्यायचा नाहीये मला. तुमच्या नकाशात मी डोंगराच्या पायथ्याशीच थांबलेली दिसेन. त्याला उंची कळत नाही.

तुमची,
धाकटी