थांबू शकतो त्याचा भाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रीमंत आणि गरीब देशांवर वर्तमानपत्रांत जे लेख येतात, त्यांत बहुतेक वेळा एक गृहीत असते. सगळे देश एकाच रांगेत आहेत, आपण थोडे मागे आहोत, नेटाने चाललो की पोचू. पदवीच्या गाइडांतही हेच असते. मूळ मांडणी अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ वॉल्ट रोस्टो यांची, १९६० सालची. पारंपरिक समाज, उड्डाणाची पूर्वतयारी, उड्डाण, परिपक्वता आणि भरघोस उपभोग अशा पाच अवस्था. उड्डाणाची खूण म्हणजे गुंतवणूक राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते ती १० टक्क्यांच्या वर जाते. लक्षात ठेवायला सोपी आहे, म्हणून टिकली आहे.

रोस्टो ब्रिटनचे उड्डाण १७८३ ते १८०२ या काळात धरतात. तेव्हा बंगालचा महसूल कंपनीच्या हातात होता, ही गोष्ट त्या पाच अवस्थांत कुठेच बसत नाही. दादाभाई नौरोजी १८६७ पासून हाच हिशेब मांडत होते. इंग्रज अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, लंडनमधल्या कचेरीचा खर्च, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेले ५ टक्के व्याज, हे सगळे इथल्या महसुलातून जायचे. ज्या देशातून दरसाल भांडवल बाहेर जाते, त्याची गुंतवणूक दुप्पट व्हावी कशातून? गरीब देशांची गरिबी श्रीमंत देशांशी असलेल्या संबंधांतूनच येते, असे सांगणारे जे पुढे जगात ‘परावलंबन सिद्धांत’ म्हणून गाजले, त्याची सुरुवात आपल्याकडे कितीतरी आधी झाली होती. विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगायला हवे.

१९५० च्या सुमारास राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर या अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे एकच निष्कर्ष काढला. कच्च्या मालाचा भाव कारखानी मालाच्या तुलनेत दीर्घकाळात घसरत जातो. त्याची दोन कारणे आहेत. उत्पन्न वाढले म्हणून माणूस दुप्पट साखर किंवा मसाला खात नाही, यंत्रे आणि गाड्या मात्र जास्त घेतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. श्रीमंत देशांत उत्पादकता वाढली की संघटित कामगार वाढीव पगार घेतात; गरीब देशांत काम मागणारे हात जास्त, त्यामुळे वाढलेल्या उत्पादनाचा फायदा भाव पडून गिऱ्हाइकाच्या पदरात जातो. ज्या वर्षी सगळीकडेच बाग चांगली फुटते, त्या वर्षी द्राक्षाला काय दर मिळतो, हे तासगाव-पलूसच्या बागायतदाराला वेगळे सांगायला नको.

इथेच सांगलीचा माल आणखी काही शिकवतो. हळद थांबू शकते. हरिपूरची पेवे त्यासाठीच होती. जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हळद भरून तोंड बंद केले की प्राणवायू उरत नाही, त्यामुळे कीडही लागत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. माल वर्षानुवर्षे टिकायचा, भाव मनासारखा आला की काढायचा. २००५ च्या महापुराने यांतली पुष्कळ पेवे निकामी केली आणि आता काम शीतगृहांवर आले. द्राक्षाला ही सोय नाही. काढल्या दिवसापासून ते उतरणीला लागते. बेदाणा केला तरच थांबते, पण त्यात साधारण चार किलोंचा एक किलो होतो. देशांमधल्या व्यापारातही हेच चालते. ज्याला उद्यापर्यंत थांबता येते तो दर सांगतो. कर्जाचा हप्ता भरायला डॉलर हवेत म्हणून ज्याला आजच विकायचे आहे, तो मिळेल तो दर घेतो.

अटी लिहिणारा पक्ष वेगळा, ही दुसरी बाब. पिकावर फवारलेल्या औषधाचा मालात किती अंश चालतो, ती अंशमर्यादा. युरोपीय संघात ज्या औषधासाठी ती स्वतंत्रपणे ठरलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. २०१० मध्ये महाराष्ट्राची द्राक्षे तिकडे अडकली ती क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे. आपल्याकडच्या तपासणीत तो घटक पाहिलाच जात नव्हता. खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी मर्यादा असावी, यात वाद नाही. पण ती ठरवताना टेबलावर कोण बसते आणि प्रयोगशाळेचा खर्च कोणाच्या माथी येतो, हे विषमतेच्या अभ्यासकाने विचारलेच पाहिजे.

परावलंबन सिद्धांताचे एक अभ्यासक आंद्रे गुंडर फ्रँक यांनी १९६६ मध्ये मांडले की जागतिक महानगरापासून खेड्यापर्यंत प्रत्येक पातळी खालच्या पातळीची शिल्लक वर ओढते. सांगली यात मधोमध आहे, हे आपण सहसा कबूल करत नाही. मार्केट यार्डात मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून हळद येते. पॉलिश, प्रतवारी आणि सौदा इथे होतो, आणि त्यातला नफाही इथेच राहतो. याच जिल्ह्यात खानापूर-आटपाडीची माणसे पाण्याअभावी गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगली. समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल वॉलरस्टीन यांनी १९७४ पासून केंद्र (श्रीमंत देश) आणि परीघ (गरीब देश) यांच्यामध्ये ‘अर्ध-परीघ’ घातला तो अशाच जागांसाठी. वरच्याला देणारी आणि खालच्याकडून घेणारी जागा.

तरीही परावलंबन हेच सगळ्याचे उत्तर मानणे चूक आहे. दक्षिण कोरिया त्यात बसत नाही. तिथे आधी जमीन सुधारणा झाल्या, १९६२ पासून पंचवार्षिक योजना आल्या, निर्यातीची उद्दिष्टे गाठणाऱ्या कंपन्यांनाच स्वस्त कर्ज मिळे, आणि १९७३ मध्ये पोहांगचा पोलाद कारखाना सुरू झाला. अमेरिकी मदतही मोठी होती. बाहेरच्या अटी जाचक असतानाही सरकारला काही करता येते, एवढे यातून नक्की दिसते. ते नेमके काय, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती. देशांच्या क्रमवारीची बातमी देताना तीन गोष्टी सोबत छापाव्यात. आकडा एकूण आहे की दरडोई. तो बाजारातल्या विनिमय दराने काढला की क्रयशक्तीने, म्हणजे त्या पैशात त्या देशात किती वस्तू-सेवा मिळतात यावरून. भारताचे दरडोई उत्पन्न क्रयशक्तीने मोजले की साधारण चौपट दिसते, कारण इथे केस कापणे स्वस्त आहे, पण खनिज तेल आपल्याला बाजारदरानेच घ्यावे लागते. आणि विषमता मोजताना प्रत्येक देश एक धरला की लोकसंख्येचे वजन दिले. वजन दिले की चीन आणि भारताच्या वाढीमुळे गेल्या काही दशकांत देशांमधली विषमता घटलेली दिसते. न दिल्यास गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ती वाढताना दिसते. दोन्ही आकडे खरे असतात, म्हणून बातमीत कोणता आहे ते पहिल्याच परिच्छेदात यावे.

– समाजशास्त्राचे काही अध्यापक, सांगली