माकडताप : मेलेल्या माकडापासून लांब राहा

महोदय,

काजूचा हंगाम आला की दोडामार्ग, बांदा आणि पलीकडे गोव्यातल्या सत्तरीत माकडतापाची चर्चा सुरू होते. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडलेल्या विषाणूचा हा ताप माणसाला होतो तो मुख्यतः गोचिडीच्या चाव्याने; रुग्णाकडून दुसऱ्याला नाही. त्यामुळे रुग्णाच्या घराला वाळीत टाकण्यात काही अर्थ नाही.

चावते ती गुरांच्या कानात लोंबणारी टपोरी गोचीड नव्हे, तर तिळाहून लहान पिल्लू. ते पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत असते. म्हणून काजूचे बोंडू वेचताना पातेऱ्यावर टेकू नये, पँट मोज्यात खोचावी, आरोग्य केंद्रातून मिळणारे प्रतिबंधक तेल उघड्या अंगाला लावावे. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानामागे नीट पाहावे.

गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल, चुना, जळती काडी यातले काहीही नको. चिमट्याने अगदी त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी, पिरगळू नये. नखाने चिरडण्याची सवय तर सर्वांत वाईट.

या तापाने माकड मेले की गोचिडी ते सोडून नवे शरीर शोधतात. तेव्हा जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे.

जंगलात जाऊन आल्यावर आठवडाभरात अचानक सणसणून ताप, डोकेदुखी, अंगदुखी आल्यास डॉक्टरांना जंगलाचे आवर्जून सांगावे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो.

– एक वाचक, सिंधुदुर्ग