कुत्र्याच्या जंताचे औषधही द्या

महोदय,

दिवाळीनंतर आम्ही माणदेशातून मेंढरं घेऊन कोकणात उतरतो. वाटेत धडधाकट कोकरू अचानक दगावलं की सगळे म्हणतात, आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष होऊन जनावर पटकन मरतं तो रोग! पण लस टोचलेली कोकरंही जातात. आमच्या भागातल्या पशुवैद्यकांनी असंच एक कोकरू फाडून दाखवलं. काळीज (यकृत) रक्ताळलेलं, त्यात उधईनं लाकूड कोरावं तशा वाटा. हे काम आमच्याच राखणीच्या कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीच्या, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताच्या पिल्लांचं.

कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी गवताबरोबर कोकराच्या पोटात जातात. अळ्या आतड्यातून रक्तावाटे काळजात शिरतात, तीन-चार आठवडे ते पोखरत बाहेर येतात आणि आतड्यावरच्या चरबीच्या पडद्याला पाण्याचे फुगे होऊन लटकतात. फुगे मोठ्या मेंढीला सहसा त्रास देत नाहीत. कोकराच्या पोटात एकदम पुष्कळ अंडी गेली, तर मात्र ते वाचणं कठीण.

बकरं कापलं की फुग्याचा तो पडदा कुत्र्यापुढे टाकायची आमची जुनी रीत. तिथूनच फेरा पुन्हा सुरू! तो जाळावा, नाहीतर खोल पुरावा.

सरकारी शिबिरात मेंढ्यांना जंताचं औषध मिळतं, कुत्र्याकडे कुणी बघत नाही. हा जंत मारणारी प्राझिक्वांटेलची गोळी कुत्र्याला दर दीड महिन्याला द्यावी लागते. पशुसंवर्धन खात्यानं ती मेंढ्यांच्या औषधाबरोबरच द्यावी, आणि तीही आम्ही घाट उतरण्याआधी.

— एक मेंढपाळ, ता. माण, जि. सातारा